साखरपुड्यातला कॉर्ड

माणसाच्या कानाचं बावीस वर्षांत काय होतं, याचं माप माझ्याकडे आहे: अठ्ठ्याऐंशी माणसं, नऊ पातेली आणि एक होणारा जावई. हे सगळं एका रविवारी, दिवसाढवळ्या, माझ्या एका बोटामुळे मंडपातून मैदानात गेलं.

मी माजरीला कोळशाच्या वजनकाट्यावर बाबू आहे. रिकामा ट्रक येतो, त्याचं वजन घ्यायचं. भरून जातो, पुन्हा घ्यायचं. वजाबाकी करायची. बावीस वर्षांत माझी वजाबाकी चुकलेली नाही. (बाकीचं पुष्कळ चुकलं, पण ते काट्यावर चढवता येत नाही.) आमचं घर खाणीच्या कुंपणापासून अकराशे चाळीस पावलांवर आहे. रोज दुपारी दोनच्या सुमारास खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी सायरन वाजतो, तीन वेळा, लांबलचक. दोन मिनिटांनी जमिनीखालून 'धुम्म' येतो, मांडणीवरची भांडी एकमेकींशी बोलतात, आणि त्या दिवसाचं काम संपतं.

तिसरा सायरन संपायच्या आत आमच्या वस्तीतल्या प्रत्येकाला एक काम असतं. ते कोणी नेमून दिलेलं नाही. माझी बायको मंदा गॅसवरचं खाली उतरवते आणि उचलून बाहेर नेते. शेजारच्या लताबाई भिंतीवरचा आरसा काढून छातीशी धरतात. खिडक्या उघडायचं काम माझं. मग सगळे समोरच्या मैदानात जाऊन उभे राहतात, आणि धुम्म झाल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. बाहेरगावचा पाहुणा असला तर त्याच्याही हातात काहीतरी देतात. हे आम्ही इतकी वर्षं करतो आहोत की करतो हेच आम्हाला आठवत नाही. जांभई आली की तोंडावर हात जातो, तसं.

आमची मुलगी प्रज्ञा चंद्रपूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिच्यासाठी चामोर्शीचं स्थळ आलं. मुलगा अनिकेत, शाळेत मास्तर. वडील नाहीत, त्यामुळे शब्द चालतो तो मामांचा. तेजराममामा म्हणजे धानाचे शेतकरी. उंच, वाळके आणि बोलण्यात कमालीचे काटकसरी. पहिल्या बैठकीत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ब्लास्टिंगनं घर हलते म्हणतात तुमच्याइथी?"

"छे. कपातला चहा बी हलत नाई," मी म्हणालो. (माझ्या हातातला कप रिकामा होता. त्यामुळे विधान अचूक होतं.)

"नाई, मी काऊन विचारतो," मामा म्हणाले, "पोरगी उद्या बाळंतपणाले माहेरी येईन. तान्ह्या लेकराले हादरा चालत नाई. घर हलत असन तर आत्ताच सांगा. मंग सोयरीक नाई होणार."

मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "तुम्ही बेफिकीर राहा."

त्यानंतर मी बेफिकीर राहिलो नाही. साखरपुडा रविवारी ठरवला, कारण रविवारी आमच्याकडे ब्लास्टिंग नसतं. पाहुण्यांनी साडेदहाला यायचं, अकराला वंदना, पावणेबाराला अंगठ्या, साडेबाराला जेवण, अडीचला गाड्या परत. सगळा तक्ता मी आखला. त्यात एकच खाना मोकळा राहिला: संगीत.

मामांनी डीजेला आधीच नकार दिला होता. प्रज्ञा म्हणाली, "मी माझा डबा देतो, बाबा. एकच बटन दाबाचं. अंगठ्या घालताना चांगलं वाटते."

डबा म्हणजे तिचा ग्रूव्हबॉक्स. कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, त्यावर सोळा बटणं आणि वर बाटलीच्या झाकणांसारखी फिरणारी बारकी बारकी टोपणं. ताल, खर्ज, सूर, सगळं त्याच्यातच. रविवारी घरी आली की ती कानाला लावून तासन्‌तास त्यात बोटं घालत बसते. त्यातलं एक बटण कॉर्डचं. एक बोट ठेवलं की चार सूर एकदम. एका बोटाच्या मेहनतीत चौपट उत्पन्न, हा हिशेब मला पहिल्याच दिवशी पटला. आवाज मात्र पटला नाही.

"हे चार सूर आहेत तर आवाज असा पोकळ काऊन येते?" मी विचारलं. "रिकामा ट्रक गेल्यासारखा वाटते."

"कारण सारे एकदम बरोबर आहेत, बाबा. तंतोतंत बरोबर असले की आवाज बारीक होते. प्रत्येक सुराच्या जोडीले त्याचाच भाऊ द्याचा आन त्या भावाले जरासा चुकवाचा. मंग आवाज भरते."

बावीस वर्षं दहा किलोच्या फरकासाठी ड्रायव्हरांशी भांडलेल्या माणसाला हे ऐकवत नव्हतं. चुकल्याने भरतं?

"चुकवाचं किती?"

"तुमच्या कानाले बरं वाटेपर्यंत," ती म्हणाली, डबा माझ्याजवळ ठेवला आणि चंद्रपूरच्या बसमध्ये बसून गेली.

'कानाला बरं वाटणं' हे एकक मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. म्हणून मी वही केली. ज्या तीन टोपणांवर आवाजाचं चारित्र्य ठरतं, त्यांना नावं दिली. पहिलं 'चूक': जोडीचा सूर किती बाजूला सरकवायचा. दुसरं 'चढ': बोट ठेवल्यावर आवाजाने किती सावकाश वर यायचं. तिसरं 'घसर': आवाजाने थेट आपल्या जागी न बसता खालून घसरत घसरत तिथे पोचायचं. पुढचे एकोणीस दिवस कामावरून आलो की चहा घ्यायचा, कानात इयरफोन घालायचे आणि टोपणं एकेक अंश फिरवायची.

चूक पाच असताना आवाज देवमाणसासारखा, कोणाला त्रास नाही, कोणाला उपयोग नाही. वीसला तो जाडसर झाला. एकतीसला घोंघावू लागला आणि मला बरं वाटायला लागलं. चढ शून्यावर असताना कॉर्ड दारावर थाप मारल्यासारखा येई; चौऱ्याहत्तरला तो लांबून, कुंपणापलीकडून आल्यासारखा उगवू लागला. घसर अठ्ठावन्न. मग सुरांकडे वळलो. चारांपैकी दोन सूर फार दूर दूर बसले होते, त्यांना जवळ आणून चिकटवलं. ते एकमेकांवर गुरगुरू लागले आणि माझ्या अंगावर काटा आला.

एकदा वाजवून समाधान होईना. दोनदाही अपुरं वाटलं. तीनदा वाजवल्यावर काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटलं. म्हणून सुरुवातीला नुसता कॉर्ड, तीन वेळा, प्रत्येकी सहा सेकंद, आणि मग प्रज्ञाने बसवलेला ठेका, असं मी पक्कं केलं. वहीत लिहिलं: 'हा आवाज मी जन्मभर ऐकत आलो आहे असं वाटतं.' (ही वही आता मंदाच्या ताब्यात आहे. पाहुणे आले की ती काढून दाखवते.)

"काय ऐकून राह्यले तुम्ही एवढं?" मंदाने एकदा विचारलं. "लताबाई म्हणते, भाऊले ऐकू येणं कमी झालं काय."

"सूर लावून राह्यलो."

"द्या बरं मले."

"त्याच दिवशी ऐक. आधी ऐकला तर मजा जाते."

ती म्हणाली, "बरं झालं." आणि कांदे निवडायला गेली. त्या वेळी तिने इयरफोन हिसकावून घेतले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

साखरपुड्याच्या दिवशी आमच्या बाजूची एकसष्ट माणसं, चामोर्शीची सत्तावीस. मंडपवाल्याचे मोठे स्पीकर दुसऱ्या कार्यक्रमाला गेले होते, म्हणून त्याने दोन भोंगे बांबूला बांधले. भोंग्याचा स्वभाव असा की खर्ज तो आत घेतच नाही आणि मधले सूर नाकातून बोलतो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त वायर घट्ट बसली का ते पाहिलं.

अकराला त्रिशरण-पंचशील झालं. सगळं शांत, नीट, वेळेवर. मंडपामागे गॅसवर नऊ पातेली होती आणि वस्तीतल्या बाया त्यांच्याभोवती. पावणेबाराला प्रज्ञा आणि अनिकेत समोरासमोर बसले. अंगठ्यांचं तबक मध्ये. पुढच्या रांगेत तेजराममामा, दोन्ही हात गुडघ्यांवर. प्रज्ञाने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी बटण दाबलं.

कॉर्ड लांबून उगवला, घसरत वर आला, घोंघावला आणि सगळ्या मंडपावर पसरला. मी डोळे मिटून घेतले. एकोणीस दिवसांचं काम होतं.

दुसऱ्या कॉर्डला डोळे उघडले तेव्हा आमच्या बाजूची सगळी माणसं उभी होती. मला भरून आलं. मानवंदना देतात असं वाटलं. पण मानवंदना देणाऱ्या माणसाने पंख्याचा खटका बंद करायला धावायचं कारण नाही. लताबाई मंडपातून सरळ आपल्या घरात शिरल्या आणि आरसा घेऊन बाहेर आल्या. मंदाने आधी वंदनेच्या टेबलावरचे दोन्ही फोटो उचलून तिच्या म्हाताऱ्या काकांच्या हातात दिले आणि ती पातेल्यांकडे धावली. बायांनी गॅस बंद केले. वरण, भात, वांगी, बुंदी, एकेका पातेल्याला दोन दोन बाया, ओळीने मैदानाकडे. आज रविवार आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. पण पाय कॅलेंडर पाहत नाहीत.

"रविवारी बी?" कोणीतरी पळता पळता विचारलं.

"कोळसा कमी पडला असन," दुसऱ्याने उत्तर दिलं आणि अनिकेतला खुर्चीसकट उचललं.

आणि मी? तिसरा कॉर्ड सुरू झाला तेव्हा मी घरात होतो. खिडक्या उघडत होतो. चौथी खिडकी उघडताना माझ्या लक्षात आलं की हा सायरन मीच वाजवला आहे.

बाहेर आलो तेव्हा मंडप रिकामा होता आणि रिकाम्या मंडपात प्रज्ञाचा ठेका मोठ्या उत्साहाने सुरू झाला होता. मी तो बंद केला. मैदानात सगळी वस्ती पातेल्यांसह उभी होती, आणि तिच्याबरोबर चामोर्शीचे सत्तावीस पाहुणेही, कारण पाहुण्याच्या हातात काहीतरी द्यायचं ही आमची रीत. तेजराममामांच्या हातात कोणीतरी पाच लिटरचा कुकर दिला होता. तो त्यांनी तान्ह्या लेकरासारखा धरला होता.

"सोयरे," ते म्हणाले, "हे काय होये?"

खरं बोलायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "आमच्याइथली पद्धत आहे."

"कसली पद्धत?"

"अंगठ्या घालाच्या आधी घरातलं सैपाकाचं बाहेर आणतात. मोकळ्या जागी. सगळ्यांनी मिळून."

मामांनी कुकरकडे पाहिलं. "आन मंग?"

"मंग थोडा वेळ उभं राहतात."

"किती?"

धुम्म झाल्याशिवाय कोणी आत जाणार नव्हतं आणि धुम्म होणार नव्हता. दोन मिनिटं झाली. तीन झाली. वस्ती जमिनीकडे कान देऊन उभी. पाच मिनिटं झाली तेव्हा खोब्रागडेभाऊ पुढे आले. तीस वर्षं खाणीत सुरुंग लावून निवृत्त झालेला माणूस. घरात बायको ऐकत नाही, पण सायरननंतर त्यांचा शब्द शेवटचा.

"मिसफायर आहे," त्यांनी जाहीर केलं. "सुरुंग लागला नाई. अर्धा तास कोणी हलाचं नाई. नियम म्हणजे नियम."

"अर्धा तास," मी मामांना सांगितलं. आकडा मिळाल्यामुळे मला जरा बरं वाटलं.

तोपर्यंत अनिकेतची आई मंदाजवळ सरकली होती. "बाई, आम्हाले कोणी सांगतलंच नाई हो. आम्ही बी घरून एखादं भांडं आणाचं होतं काय?"

"भांडं कायले?" मंदा म्हणाली. "अवो, सायरन वाजला नं. आता घर हलन. मांडणीवरचं सारं खाली येते कधी कधी."

मंदा आयुष्यात कधी खोटं बोललेली मला आठवत नाही. तो तिचा एकमेव दोष आहे.

तेजराममामा हळूहळू माझ्याकडे वळले. "घर हलते."

"थोडंसं."

"तुम्ही म्हणाले, कपातला चहा बी हलत नाई."

"कप रिकामा होता," मी म्हणालो.

 मामांनी कुकर जमिनीवर ठेवला. नीट, आवाज न करता. मग आपल्या लोकांकडे पाहून म्हणाले, "चला. गाड्या काढा."

प्रज्ञा तबक हातात घेऊन उभी होती. तिने तबक अनिकेतकडे दिलं, शालूचा काठ वर धरला आणि सरळ मंडपात गेली.

"आत नाई जाचं," खोब्रागडेभाऊ ओरडले. "मिसफायर आहे."

"मिसफायर नाई, काका. बाबा आहे," ती तिथूनच म्हणाली. डब्यावर वाकून तिने टोपणं बघितली. एकतीस, चौऱ्याहत्तर, अठ्ठावन्न. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा रक्ताचा वाईट रिपोर्ट वाचताना होत असावा तसा झाला होता. "बाबा, तुम्ही सायरन बनवला."

"मी कॉर्ड बनवला," मी म्हणालो. "तू म्हणाली, कानाले बरं वाटेपर्यंत."

"तुमच्या कानाले हे बरं वाटलं?"

सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती. मी खरं ते सांगितलं. "लय बरं वाटलं."

खोब्रागडेभाऊंना हे मान्य होईना. एवढ्याशा डब्यातून सायरन निघतो म्हणजे तीस वर्षं ते काय ऐकत होते? "वाजवून दाखव," ते म्हणाले. प्रज्ञाने बटण दाबलं. काय होणार हे आता प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी एकसष्ट माणसं तीन पावलं मागे सरली आणि लताबाईंनी आरसा पदराखाली घेतला. खोब्रागडेभाऊ डोळे मिटून ऐकत राहिले.

"हा आत्ताचा नाई," शेवटी ते म्हणाले. "जुना होये. खाणीनं सायरन बदलवला त्याच्या आधीचा. त्याचा एक भोंगा जरा बसका होता." मग माझ्याकडे बघून, "बरोबर काढला हो, भाऊ."

मी मान झुकवली. माझ्या सुरांना आजवर मिळालेली ही एकमेव दाद.

चामोर्शीची मंडळी गाड्यांकडे निघाली होती. प्रज्ञा मामांच्या आडवी गेली.

"मामा, घर हलते. रोज हलते. बाबा खोटं बोलले."

"तेच म्हणून राह्यलो मी."

"पण बाळंतपणाले मी इथी येणारच नाई नं. चंद्रपूरले माझी खोली आहे, दवाखाना दहा मिनिटांवर आहे. आई तिथी येऊन राहीन. हे मी अनिकेतले पहिल्याच दिवशी सांगतलं."

मामांनी अनिकेतकडे पाहिलं. अनिकेत अजून खुर्चीवरच होता. कोणी उतर म्हटलं नव्हतं. "हो मामा," तो म्हणाला. "सांगतलं होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही तिले विचारलंच नाई. सोयऱ्याले विचारलं."

"आन मले काऊन नाई सांगतलं?" मी प्रज्ञाला विचारलं.

"तुम्ही तीन आठवडे कानात बोळे घालून बसले होते, बाबा."

मंदाने पदर तोंडाला लावला.  मग मामांच्या खांद्यात काहीतरी हललं, आणि मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते. वाळक्या माणसाचं हसू कमी खर्चाचं असतं. आवाज नाही, फक्त खांदे. ते हसले तशी आधी अनिकेतची आई हसली, मग लताबाई, आणि मग मैदानभर ते पसरलं. मीही हसायचा प्रयत्न केला, पण वस्तीला ते पसंत पडलं नाही.

"अंगठ्या आणा," मामा म्हणाले. "आत चला सारे."

"कुठी आत?" खोब्रागडेभाऊ आडवे झाले. "सतरा मिनिटं झाली फक्त. तेरा बाकी आहेत."

"अहो, पण सुरुंगच नव्हता," मी म्हणालो.

"सायरन वाजला का नाई?"

"वाजला."

"मंग?"

 शेवटी अंगठ्या मैदानातच घातल्या, वरणाच्या आणि बुंदीच्या पातेल्यांच्या मधोमध, भर बाराच्या उन्हात. तबक धरायला कोणी मोकळं नव्हतं, म्हणून ते कुकरच्या झाकणावर ठेवलं. टाळ्याही कमीच वाजल्या, कारण बहुतेकांचे हात भरलेले होते.

जाताना मामांनी माझा हात धरला. "सोयरीक पक्की," ते म्हणाले. "लग्न चामोर्शीले. आन तुम्ही मुलीचे बाप म्हणून आरामात बसाचं. कायलेच हात लावाचा नाई."

मार्चमध्ये लग्न झालं. मंडप मोठा, पंखे भरपूर, संगीताला चार पोरं. माझी खुर्ची मात्र पार एका टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ ठेवली होती. थंडावा म्हणून असेल, असं मला वाटलं. पण बसल्या बसल्या सवयीने उठलो आणि मोजू लागलो. सगळ्यांत जवळचा विजेचा बोर्ड खुर्चीपासून किती दूर आहे ते. तीस, एकतीस, बत्तीस. चौतिसाव्या पावलाला बोर्ड हाताच्या अंतरावर आला, आणि मागून कोणीतरी माझी कॉलर धरली.

खोब्रागडेभाऊ होते. नवा सदरा, छातीवर कागदी फूल. मामांनी त्यांना खास निमंत्रण पाठवलं होतं, जाण्यायेण्याच्या गाडीसकट.

"बसा, भाऊ," ते म्हणाले. "मामांनी मले जेवाले नाई, तुमचा हात बटनाले लागू नये म्हणून बोलावलं आहे."